लॉकवरची गाडी

माझ्या गॅरेजमधली गाड्या उचलायची लिफ्ट खाली आली आणि माझी बायको जोलीन तिच्याखाली सापडून गेली, त्याला सात आठवडे झाले. रविवारी चर्च सुटल्यावर तिचा भाऊ ड्वाइट टायसकट तडक गॅरेजमध्ये आला.

"गाडी लॉकवर टेकवली नव्हतीस तू. नुसत्या तेलाच्या दाबावर ठेवलीस, आळशी माणसा."

"टेकवली होती."

"मग काय माझ्या बहिणीने ओढून घेतली अंगावर?"

मी त्याच लिफ्टवर एक गाडी चढवून लॉकवर, म्हणजे खांबांतल्या लोखंडी अडसरांवर, टेकवली. लिफ्ट वर उचलताच येऊ नये म्हणून ड्वाइटने तिच्या मोटरची वायर उपटली, तिच्या टाकीतलं सगळं तेल बादलीत सोडलं आणि गळतीच्या खुणा शोधायला गाडीखाली शिरला. लॉकवरची गाडी आपोआप खाली येत नाही. आधी ती बोटभर वर उचलावी लागते, तेव्हाच खांबावरचा लीव्हर ओढून लॉक सुटतात.

"बघ, हलते का?" तो खालून हसला. "उद्या शेरिफकडे जातो मी. तुला सोडणार नाही."

मी बादली दोन्ही हातांनी धरून दारात उभा होतो.

"ऑरिन, लीव्हरवरचा हात काढ."

"मी दारात आहे, ड्वाइट."

त्याने माझे बूट पाहिले. मग मान वळवून लीव्हरच्या खांबाकडे पाहिलं.

"जोलीन, नको," तो म्हणाला.

गाडी बोटभर वर गेली.