यान वळणार आहे

केतकी वेधशाळेतून तडक घरी आली, तेव्हा आई ओट्याशी मटार सोलत होती.

"आई, बाबांचं यान परत येणार आहे."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. बारा वर्षांपूर्वी इंजिन बिघडून ते यान सूर्यमालेबाहेर भरकटत गेलं होतं. बाबा आत शीतनिद्रेत होते. घरच्यांनी त्यांचे दिवससुद्धा घातले होते.

"कोण म्हणालं?"

"मीच म्हणतेय. एका अगदी अंधूक दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग आम्ही मोजले. ते जुन्या नियमात बसतच नाहीत. फार दूरवर गुरुत्वाकर्षण आपण समजत होतो तितकं क्षीण होत नाही. सूर्य यानाला मागे खेचून आणणार."

"कधी?"

"अकरा हजार वर्षांनी."

आईने हातातली शेंग ओट्यावर ठेवली.

"म्हणजे जागे होतील तेव्हा ओळखीचं कुणीच नसेल," ती म्हणाली. मग तिने कागद मागितला आणि लिहिलं :

'यानाचं दार उघडणाऱ्यास, हे विश्वास टिल्लू. यांना एकदम काही सांगू नका. आधी चहा द्या. मग सांगा, तुम्ही येणार हे घरी कळलं होतं.'