हौसेचा आजार

"डॉक्टर, पाया पडतो, पण हा कानातला दुभाषा काढा," हेरंब टिल्लू पुन्हा म्हणाले.

"नोकरीसाठी काढायचाय?"

"नाही हो. जॉर्जियन शिकायचंय. हौस म्हणून."

"हौस हा आजार नाही, काका."

टिल्लूंचे सगळे उपाय करून झाले होते. त्यांनी कानात मेण घातलं, पण ते भाषांतराचं यंत्र कवटीच्या हाडातून बोलायचं. जगातली कुठलीही भाषा त्यांच्यापर्यंत येईतो गुळगुळीत मराठी झालेली असे. घोकून पाठ केलेलं जॉर्जियन वाक्य त्यांनी स्वतः म्हटलं, तरी ऐकू मराठीच येई. आता मरायच्या आत एक तरी परकी भाषा कानांनी ऐकायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"घरी कोथिंबीर सांगितली तर कळत नाही, आणि ह्यांना जॉर्जियन हवंय," सोबत आलेली बायको वारिजा म्हणाली.

डॉक्टरांनी वैतागून दुभाषा मिनिटभर बंद केला.

वारिजाचं बोलणं चालूच होतं, पण आता तिच्या माहेरच्या तुळू भाषेत. लग्न दुभाष्याच्या काळातलं, त्यामुळे टिल्लूंनी तिचा एकही मूळ शब्द कधी ऐकलाच नव्हता. परातीत चिंचोके ओतावेत तसे तिचे शब्द पडत होते. टिल्लू आ वासून ऐकत राहिले. एक शब्द त्यांनी चाचरत म्हणूनही पाहिला, तशी ती खुदकन हसली.

मिनिट संपलं.

"अहो, रडताय काय?" वारिजा म्हणाली.

टिल्लूंनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला.

"बंद करा, डॉक्टर! मला ती परत कळायला लागली!"