मागायच्या आधी

“आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “हिचा बाप, माझा राजरत्न, चार वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोलत नव्हता. आज बँकेत मॅनेजर आहे.”

अमृता टीचरने मान डोलावली. कोलशेतच्या त्या बालवाडीत वर्ग नुकताच सुटला होता. साडेतीन वर्षांची मैत्रेयी खिडकीपाशी पाठमोरी बसून ठोकळे पेटीत टाकत होती. तिची आई मेघना सासूच्या शेजारी बसली होती.

“तसंही असेल, आजी,” टीचर म्हणाली. “पण ती हाकेला वळत नाही. मुलं जवळ आली की उठून जाते. एकदा नीट दाखवून घेतलेलं बरं.”

“हाकेला वळत नाही कशी? मैत्रेयी! ए मैत्रू!”

ठोकळे पडत राहिले. शकुंतलाबाईंनी आणखी दोनदा हाक मारली. शेवटच्या हाकेला आवाज जरा फाटला.

“खेळात रमलीय ती.” मग एकदम त्यांनी विचारलं, “तुझं लग्न झालंय का गं? मूलबाळ?”

“नाही.”

“मग तुला काय कळणार?”

बोलून गेल्या आणि त्यांनाच कसंतरी झालं. वागळे इस्टेटजवळच्या एका बालवाडीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. लग्नाआधी हेच वाक्य कितीतरी आयांनी त्यांच्या तोंडावर फेकलं होतं. पुढे त्या नव्या शिक्षिकांना शिकवायच्या, ‘पालक चिडले तरी आपण चिडायचं नाही. घाबरलेले असतात ते.’ समोरची ही तरुण टीचरही चिडली नाही. त्यांना तेच जास्त लागलं.

“आई, त्यांना नका बोलू,” मेघना म्हणाली. “मीच त्यांना सांगितलेलं, तुमच्याकडे आधी नुसता विषय काढून बघा म्हणून. मैत्रेयीला दाखवलंय आम्ही. तीन महिने झाले, दर मंगळवारी नौपाड्याला थेरपीला नेतोय.”

“राजरत्नला माहीत आहे?”

“त्यानेच अपॉइंटमेंट घेतलेली.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?”

मेघनाने नजर खाली वळवली. “नाताळच्या सुट्टीत विषय काढलेला. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत.”

खरं होतं. माझ्या नातीला वेडी ठरवताय, असं ओरडून त्या दार लावून बसल्या होत्या. सून बाहेरून ताटाची आठवण करून देत राहिली होती. आता ते या परक्या पोरीसमोर निघालं. शकुंतलाबाईंचे कान तापले. मान वर करवेना.

“मग आज मला कशाला आणलंत?” त्यांनी टेबलाकडे बघतच विचारलं.

“थेरपीत ती मागायला शिकतेय, आजी,” टीचर म्हणाली. “पण घरी तिला मागावंच लागत नाही. तुम्ही आधीच हातात देता. ते तुमच्याशिवाय दुसरं कुणी थांबवू शकत नाही.”

तेवढ्यात मैत्रेयी उठून आली. तिची बाटली टेबलावर होती. तिने आजीचं बोट धरून बाटलीकडे ओढलं. शकुंतलाबाईंचा दुसरा हात सवयीने झाकणावर गेला. मेघनाने तो हळूच धरून ठेवला.

पोरगी पाय आपटू लागली. ओठ थरथरले. शकुंतलाबाईंना बघवेना, पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

“पाणी,” मैत्रेयी म्हणाली.

नातीच्या तोंडून हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. बाकी कुणीच दचकलं नाही.