चौथा प्रोग्राम

दातांच्या डॉक्टरांचे बारा पांढरे कोट टेबलावर घडी घालून तयार होते आणि बाराच्या बारा कोटांवर, छातीशी, निळ्या दोऱ्यानं भरलं होतं: गरमागरम बेकरी.

सुनेनं वरचा कोट उचलला, तळातला ओढून पाहिला आणि मटकन स्टुलावर बसली.

"आई, हे बघितलंत तुम्ही?"

"बघितल्याशिवाय घडी घालते होय मी?" सासूबाईंनी कोट तिच्या हातातून घेतला. उलटा केला, दोऱ्याची गाठ नखानं चाचपली, मग अक्षरांवरून अंगठा फिरवला. "एक टाका सैल नाही. कापड कुठे गोळा झालेलं नाही. आता तूच सांग, यात खोट कुठे आहे?"

सून बोलणार होती. पण तिची नजर त्या अंगठ्यावर अडकली.

सून शिकलेली. पण शिकलेल्यांना नाकासमोरचं दिसायला जरा वेळच लागतो. नवऱ्यानं जुना विंडोजवाला कॉम्प्युटर काढून मॅक आणला, भरतकामाच्या मशीनचा जुना प्रोग्राम त्यावर चालेना, तेव्हापासून महिनाभर ती त्याच्या जागी दुसरा शोधत होती. पहिला फुकटचा निघाला. पडद्यावर नक्षी दाखवायचा, मशीनपर्यंत काही पोचवायचा नाही. दुसरा चांगला होता, तर सासूबाई म्हणाल्या, "याचं तोंडच मला आवडलं नाही." तिसऱ्याला म्हणाल्या, "हा फार बडबड्या आहे." सुनेला वाटलं, हट्ट. नवऱ्यालाही तेच वाटलं. काल जेवताना तो म्हणाला, "आईला जमत नसेल तर मशीनवर एखादी बाई ठेवू. आईनं आता आराम करावा." सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या. आणि आज पहाटेच, कुणाला हाक न मारता, बाराही कोट एकटीनं भरून मोकळ्या झाल्या.

सून उठली. टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर बाहेर ओढला, धूळ पुसली, लावला. त्यानं घरघर करत भरपूर वेळ खाल्ला आणि शेवटी पडदा उजळला. एक मोठा धबधबा आणि त्यावर इकडे तिकडे विखुरलेल्या फायली. नव्या मॅकवर आणताना हा पसारा तिनंच आवरला होता. नावाप्रमाणे, एकाखाली एक, सरळ यादी.

"आई, दातांचे डॉक्टर यात कुठे होते?"

"खडकावर," सासूबाई ताडकन म्हणाल्या. "बेकरी पाण्यात, डाव्या अंगाला. हॉटेल झाडाखाली. दोन्ही शाळा वर आभाळात." मग तोंड फिरवलं. "तू सगळ्यांना उचलून रांगेत उभं केलंस. चांगली सुखानं बसली होती आपापल्या जागी."

फोन वाजला. सुनेनं तो टेबलावरच ठेवून सुरू केला. नवरा होता.

"कोट झाले का? डॉक्टरांचा माणूस दुपारी येतोय."

सासूबाईंचा अंगठा अक्षरांवरच थांबला होता.

"नाही झाले. माझ्याकडून फायलींची सरमिसळ झाली. त्याला संध्याकाळी बोलवा."

"आईनं काही घोळ घातला का? तरी मी म्हणत होतो, मशीनवर एखादी..."

"अहो, माझ्याकडून झाली म्हटलं ना. मशीनवर आई आहेत. ठेवते."

तिनं धबधब्याचं चित्र नव्या कॉम्प्युटरवर घेतलं. डॉक्टरांना खडकावर बसवलं, बेकरीला पाण्यात, हॉटेलला झाडाखाली, शाळांना आभाळात. एक शाळा चुकून झाडावर पडली. "वर, वर, अजून वर," असं मागून ऐकू आलं. तिसरा प्रोग्राम काढून टाकला. दुसरा पुन्हा घातला, त्याच्या वरच्या पट्टीतले सगळे शब्द बंद केले आणि नुसती चित्रं ठेवली. कात्री, सुई, रीळ.

"हा कितवा?" सासूबाईंनी विचारलं.

"चौथा," सून म्हणाली.

सासूबाई खुर्चीत बसल्या. खडकावर टिचकी मारली. डॉक्टरांचं नाव पडदाभर उघडलं. सुईवर गेल्या, रिळावर गेल्या, दोऱ्याचा रंग बदलून परत निळा केला.

"हा बरा आहे. महिनाभर हाच आणायचा सोडून कुठे भटकत होतीस?"

"शोधावा लागला, आई."

मग दोघी उसवायला बसल्या. नवं नाव त्याच जागी बसणार होतं, म्हणजे जुन्या टाक्यांची भोकं झाकली जाणार होती. सासूबाईंनी पहिला कोट मांडीवर घेतला, ब्लेड पहिल्या अक्षराखाली घातलं आणि तसंच धरून ठेवलं. सुनेनं आपल्या कोटावरची नजर उचलली नाही.

"हे काय आहे?"

"आई, तुम्ही म्हणाल तर रोज थोडं थोडं मी..."

"शिकवू नकोस. नुसतं सांग."

"ग."

सासूबाईंनी मागून टाके कापले, पुढून दोरा ओढला. ग सुटून हातात आला.

"हे?"

"र."

"आणि हे काठीवालं?"

"मा."

तेही निघालं. ब्लेड पुढं सरकलं. सुनेनं तोंड उघडलं, तसा सासूबाईंनी दुसरा हात वर केला.

"थांब," त्या म्हणाल्या. "हा मघाशीच भेटलाय मला."