सातवी बाटली

पुण्याहून सिंगापूरला मुलाच्या बुकित बातोकच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या सविताबाईंच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा चालत नसे. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुनेचा बिडाचा तवा खाली कचऱ्यात टाकला. तो क्षिप्राला तिच्या आईने दिला होता.

"कितीही घास, मासळीचा वास जात नाही त्याचा. मला तर लिफ्टमध्येच कळतं, घरात काय शिजलंय ते."

क्षिप्रा खाली धावली, तोवर कचऱ्याची गाडी निघून गेली होती.

शनिवारी दोघी सुपरमार्केटात गेल्या. तिथे लाल मिरचीची चटणी चाखायला ठेवली होती. सविताबाईंनी वास घेतला, बोटाने चाटून पाहिली, पुन्हा चाटली आणि सहा बाटल्या ट्रॉलीत ठेवल्या.

"आई, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?"

"तू नको मला शिकवूस. माझं नाक शाबूत आहे अजून."

क्षिप्राने स्वतःसाठी सातवी बाटली घेतली. सासूबाई निघाल्या तेव्हा त्यांच्या सहाही बाटल्या तिने नीट गुंडाळून बॅगेत भरून दिल्या.

पंधरा दिवसांनी पुण्याहून फोन आला. मागे बायकांचा गलका होता.

"अगं, आमच्या भजनी मंडळाने चटणीचा फन्ना उडवला! सगळ्या विचारतायत, काय काय असतं गं हिच्यात?"

क्षिप्राने फडताळातून सातवी बाटली काढली.

 

"आई, फोन स्पीकरवर टाका, म्हणजे सगळ्यांनाच ऐकू येईल. मिरची, तेल, सुकट..."