खिडकीतला कप

भागिरथाबाईच्या काखेतली गाठ तपासताना वाशिमच्या डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं होतं, की साधी गाठ आपल्या जागीच वाढते आणि कॅन्सरची गाठ अंगभर पसरते. सोबत गेलेल्या लेकाच्या, प्रसेनजितच्या डोक्यात त्यातलं ‘पसरते’ तेवढंच राहिलं. अनसिंगला परतल्यावर तो बायकोच्या कानाशी कुजबुजला आणि आईचा कप फळीवरून उठून खिडकीत एकटा जाऊन बसला. भागिरथाबाईनं ते पाहिलं.

रिपोर्ट आणायला मात्र ती एकटीच गेली. आली ती तडक गॅसपाशी. चहा केला, खिडकीतल्या कपात ओतला, एक घोट घेतला आणि तोच कप लेकापुढं धरला.

“आधी हा पे, मंग रिपोर्ट सांगतो.”

प्रसेनजितनं बायकोकडं पाहिलं. हात काही पुढं केला नाही.

“भेऊ नोको. गाठ साधी निंगाली. अन् कॅन्सरची असती, तरी माह्याच अंगात पसरली असती. कपातून तुह्या अंगात येत नसते. डॉक्टरले इचारूनच आली मी.”

“मले काय माईत, आई? म्या आपली खबरदारी घेतली,” तो खाली मान घालून पुटपुटला.

भागिरथाबाईनं कप मागं घेतला नाही.


“तुह्या आज्याचा कप पाटलाच्या ओसरीत असाच येगळा ठेवत. त्याले कोणती गाठ होती रे?”