एकदाच दिसलेल्या लाटा

"आणि हे पुन्हा दिसलं का?" धारवाडहून परीक्षक म्हणून आलेल्या बसलिंगप्पा सरांनी विचारलं.

संघप्रियाच्या हातातला पॉइंटर थांबला. पडद्यावरचा लाल ठिपका लाटांवरच अडकला. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत हा एक प्रश्न येईल, या धास्तीनं आठवडाभर तिला घास गेला नव्हता.

पडद्यावर एका तारेचा आलेख होता. केसाहून हजारपट बारीक तार. वीज तिच्या आतून नाही, वरच्या पृष्ठभागावरूनच वाहते. इलेक्ट्रॉन तारेला दोन्ही अंगांनी वळसा घालतात आणि पुन्हा भेटतात. कधी एकमेकांना बळ देतात, कधी पुसून टाकतात. म्हणून चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की तारेचा रोध लाटेसारखा वरखाली होतो. या लाटा फक्त कडाक्याच्या थंडीत टिकतात. तार जराशी तापली की विरतात.

संघप्रियाच्या तारेत त्या, तार तापल्यावरही, विरल्या नव्हत्या.

तिचे मार्गदर्शक शिवकुमार सर समोरच बसले होते. सकाळीच त्यांनी बजावलं होतं, "आपण होऊन त्या लाटांबद्दल काही बोलू नकोस. विचारलंच, तर काम चालू आहे म्हण."

शेवटच्या बाकावर तिची आई पारूबाई होती. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात ती आया होती. रजा काढून आली होती. लेक अडखळली एवढंच तिला कळलं.

"पोरीला पाणी द्या की कुणीतरी," ती शेजारच्या बाईंना म्हणाली.

संघप्रियानं पॉइंटर टेबलावर ठेवला.

"नाही सर. एकदाच दिसलं. दुसऱ्या दिवशी तार जळाली. नंतर कितीतरी तारा केल्या. एकीतही आलं नाही."

शिवकुमार सरांनी डोळे मिटले.

बसलिंगप्पा सर त्यांच्याकडे वाकून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. कन्नड सतत कानावर पडणाऱ्या सोलापुरात वाढूनही संघप्रियाला एकच शब्द कळला. बागिलु. दार.

शिवकुमार सरांनी बाकी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. पारूबाई वळून वळून बघत गेली. दार लागलं. सगळी वर्षं वाया गेली, संघप्रियाला वाटलं.

बसलिंगप्पा सरांनी मोबाईल काढला, बराच वेळ काहीतरी शोधलं आणि तो टेबलावरून तिच्याकडे सरकवला. मोबाईलच्या पडद्यावर एक आलेख होता. तशाच लाटा. खालचा तापमानाचा आकडा तिच्या तारेइतकाच वरचा होता; तो बघून ती दचकली.

"आमच्याकडेही हे एकदाच दिसलं होतं," ते म्हणाले. "थर्मामीटरच चुकतोय असं म्हणून मी तो बदलायला लावला आणि गप्प बसलो."